सांजावची विहीर आणि टीव्हीवरची उडी

आज, 24 जूनला, सांजाव या गोव्यातल्या ख्रिस्ती सणानिमित्त शिवोलीला मित्राकडे गेलो होतो. डोक्यावर फुलापानांची कोपेलं घालून मुले विहिरीत उड्या मारत होती आणि काठावर उभी असलेली वडीलधारी मंडळी प्रत्येक डोके पुन्हा पाण्यावर आल्याची खात्री करूनच पुढच्याला सोडत होती. संध्याकाळी म्हापशाला घरी परतलो, तर भाचा 'खतरों के खिलाडी' पाहण्यात गढला होता.

2008 पासून चालत आलेला हा कार्यक्रम 'फिअर फॅक्टर' या परदेशी कार्यक्रमावर बेतलेला आहे. भाच्याला मी 1986 मधली एक घटना सांगितली. बीबीसीच्या 'द लेट, लेट ब्रेकफास्ट शो'साठी क्रेनला उंच टांगलेल्या पेटीतून सुटून दोरीच्या आधाराने खाली झेपावण्याचा सराव करताना दोरीची कडी निसटली आणि एक हौशी तरुण, जो कसलेला स्टंटमन नव्हता, जागीच गेला. त्यानंतर तो कार्यक्रमच बंद करण्यात आला. "पण मामा, आता सेफ्टी असते," भाचा म्हणाला. असते, हे खरेच. पण ती कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर ठेवलेली असते, कारण ती दिसली तर भीती विकली जाणार नाही. (झुरळे खाण्याच्या प्रकाराला धाडस का म्हणतात, हे मला आजवर उमगलेले नाही.)

भाच्याला पुढच्या वर्षी शिवोलीच्या विहिरीत उडी मारायची आहे. मी हो म्हटले आहे. मात्र आधी त्याला पोहायला शिकवायचे आहे.