दांडी का नाही, तर...

परवा अंगणात तुम्ही विचारलंत, चिमण्यांच्या या लाकडी घरट्याला टेकायला दांडी का नाही, आणि मी "दांडीवर कावळा बसतो!" असं जवळजवळ ओरडून विषय संपवला. तुम्ही जरा चमकलात. म्हणून हे लिहितेय.

हा प्रश्न विचारणारे तुम्ही पहिले नाही. भिंतीवरच्या लाकडी घरट्याकडे बघून लोक आधी कौतुक करतात, मग कोणाकडून करून घेतलं ते विचारतात (मी केलंय, करवत मलाही चालवता येते) आणि मग बोट दाखवतात. "भोकाखाली दांडी विसरलात वाटतं? चिमणी टेकणार कुठे?" एकाने तर खिशातून पेन्सिल काढून फळीवर खूणही करून दिली, इथे गिरमिट मारा म्हणून.

चिमणीला दांडी लागत नाही हो. झाडाच्या ढोलीला कोणी दांडी लावलेली असते का? ती भोकाच्या कडेला नख्या रोवते आणि आत शिरते. दांडी आपल्याला हवी असते, कारण चित्रातल्या घरट्याला ती असते.

पण हे मी ज्या तोऱ्यात सांगतेय त्यावर जाऊ नका. माझ्या पहिल्या घरट्याला दांडी होती. चांगली बोटभर लांब, काचपेपर मारून गुळगुळीत केलेली. फळ्यांना आतूनसुद्धा रंधा मारला होता. पिल्लांना चढून वर यायला आतली फळी खरबरीत हवी, हे कोणाला माहीत होतं! भोक केवढं पाडायचं हा प्रश्नही पडला नाही. लेक तेव्हा सात वर्षांची. तिने हातातली बांगडी काढून फळीवर ठेवली, पेन्सिलने गोल ओढला, मी तो कापला. पाच सेंटिमीटर भरला. दार ऐसपैस असलेलं बरं, यावर आमचं दोघींचं एकमत. आणि भोकापासून तळ जेमतेम चार बोटं खाली, का, तर डोकावलं की पिल्लं दिसावीत.

चिमण्या आल्या. गवत, सुतळीचे धागे, कुठलं तरी पांढरं पीस. मग एक दिवस आतून चिवचिव. नर-मादी अळ्या घेऊन दिवसभर ये-जा करायची आणि लेक पायरीवर बसून खेपा मोजायची.

त्या सकाळी मी भांडी विसळत होते. खिडकीतून दिसलं, दांडीवर कावळा. त्याला घाई नव्हती. त्याने मान तिरकी करून एका डोळ्याने आत बघितलं. चोच घातली, रिकामी बाहेर काढली. मला वाटलं, नाही पोचत. मग तो दांडीवर दोन पावलं बाजूला सरकला, जागा नीट करून घेतल्यासारखा, आणि पुन्हा वाकला. मी धावले, तर मागच्या दाराची कडी निघेना. बाहेर पोचले तेव्हा लेक आधीच अंगणात उभी होती, हातात चप्पल. ती मारली नव्हती तिने. "घरट्याला लागली असती," म्हणाली. कावळा पिल्लू घेऊन गेला होता. संध्याकाळपर्यंत आत काही उरलं नव्हतं. नर मात्र दुसऱ्या दिवशीही चोचीत अळी धरून भोकाशी येत राहिला, आत डोकावत राहिला.

कावळ्यावर माझा राग नाही, त्याचीही पिल्लं असतील. पण बसायला पाट मी मांडला होता.

आताच्या घरट्याचं भोक 32 मिलिमीटरचं, तळापासून 15 सेंटिमीटर वर. तळाच्या कोपऱ्यांत पाणी निघायला छिद्रं, छपराखाली हवेला फट, रंग नाही, आणि एक बाजू स्क्रू काढून उघडते, वीण संपली की साफ करायला. पक्ष्यांमधलं कळणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने हे सगळं बघितलं आणि म्हणाला, "भोक एवढं आणि तळ इतका खोल असेल, तर दांडी असली तरी कावळ्याची चोच पोचणार कुठे?" मी म्हटलं, दांडीवर बसून वाट बघेल, मोठं झालेलं पिल्लू डोकं बाहेर काढतंच की. त्याने मान डोलावली. पटलं नव्हतं. पाच सेंटिमीटरचं भोक आणि चार बोटं खोली असताना कावळ्याला दांडीची गरज होती का, हे त्याने विचारलं नाही, पण मी स्वतःला कितीदा विचारलंय. भोकाच्या कडेला लोंबकळूनही जमलं असतं त्याला. बहुतेक.

वर्षभराने लेकीने झोपताना विचारलं होतं, "आई, भोक माझ्या बांगडीएवढं केलं म्हणून झालं का?"

"छे गं, दांडीमुळे." एक क्षणही न थांबता. दांडी माझी होती.

तेव्हापासून येईल त्याला दांडीचंच सांगते. आता ती कॉलेजात आहे. नव्या घरट्याचं भोक तिनेच पाडलं, ड्रिलला 32चा होल सॉ लावून. त्याआधी फळीवरचं माप दोनदा तपासलं तिने. बोलली काही नाही.

परवा तुम्ही विचारलंत तेव्हा ती आत ओट्याशीच होती. खिडकी उघडी होती.