डाव्या हाताचा रक्तदाब

ग्वाल्हेरच्या जानेवारीत हातांच्या शिरांचे डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करणे अवघड असते, कारण शहराच्या लष्कर भागातल्या धुक्यातून स्कूटरवर आलेल्या माणसाच्या शिरा गारठून इतक्या आकसलेल्या असतात की त्या वेळी घेतलेले माप खरे धरता येत नाही. म्हणून माझ्या सोनोग्राफीच्या खोलीत हीटर आणि कोमट पाण्याचे घमेले असते. त्या सकाळी 26 वर्षांची एक मुलगी त्यात हात बुडवून बसली होती. मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत, डायलिसिससाठी डाव्या हातावर फिस्टुला करायचा आहे, व्हेन मॅपिंग (शिरांची मोजणी) करावे, एवढेच चिठ्ठीवर होते.

"डावाच बघा, मॅडम. उजव्या हाताने शिवण करते ती," आई म्हणाली.

फिस्टुला म्हणजे धमनी आणि शीर यांची शस्त्रक्रियेने घातलेली सांगड. 1966 साली ब्रेशिया आणि सिमिनो यांनी ती मनगटापाशी करून दाखवली. धमनीचा जोर शिरेत उतरला की शीर काही आठवड्यांत फुगते आणि डायलिसिसच्या जाड सुया सोसू लागते.

दंडावर पट्टा बांधून, भरपूर जेल घालून, प्रोब, म्हणजे यंत्राचे त्वचेवर फिरवायचे टोक, जवळजवळ तरंगता ठेवून मी मापे घेतली. जरा दाब पडला तरी शीर चपटी होते. मनगटाजवळची शीर सलाईनच्या सुयांनी निबर झाली होती, कोपराच्या वरची मात्र मऊ आणि 3.2 मिलिमीटर रुंद होती. शीर अडीच आणि धमनी दोन मिलिमीटर असली तरी बहुतेक सर्जन चालवून घेतात, त्यामुळे फॉर्मवरच्या चौकटींपुरता डावा हात उत्तीर्ण झाला होता.

अडले ते धमनीच्या आलेखापाशी. विसावलेल्या हाताच्या धमनीत प्रवाहाची लाट ताडकन वर चढते, खाली येताना क्षणभर उलटी फिरते आणि मग सावरते. इथे पडद्यावर बसकी, गोलसर, रेंगाळत चढणारी टेकाडे उमटत होती. अडथळा वर कुठेतरी होता. उजव्या दंडातली लाट मात्र नेहमीसारखी तीक्ष्ण होती. मी दोन्ही हातांचा रक्तदाब घेतला: डाव्यात 108, उजव्यात 184.

"कपडे वाळत घालताना डावा हात भरून येतो," मुलगी म्हणाली. घरच्यांनी तो अशक्तपणा समजला होता.

प्रोब मानेवर नेला. डाव्या कॅरॉटिड धमनीची भिंत चहूबाजूंनी सारखी जाडावली होती. पुस्तकांत याला मॅकरोनीची उपमा देतात. मला सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आठवते. गळपट्टीच्या हाडामागची धमनी अरुंद होती, दोन्ही मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या तोंडाशीही रक्ताचा वेग बेसुमार होता, म्हणजे त्याही तिथे अरुंद झाल्या होत्या. ताकायासू आर्टरायटिस: महाधमनी आणि तिच्या शाखांच्या भिंतींना येणारी सूज, बहुधा तरुण स्त्रियांत दिसणारी. मिकितो ताकायासू हे जपानी नेत्रवैद्य. त्यांनी 1908 साली वर्णन केले ते एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांचे. नाडी लागत नाही म्हणून याला नाडीहीन आजारही म्हणतात.

आईने पिशवीतून डायरी काढली. दोन वर्षे दर आठवड्याला कुठल्याशा दवाखान्यात मोजलेला रक्तदाब तिने सुबक अक्षरात नोंदवला होता: 110, 106, 112. सगळा डाव्या हाताचा. पहिल्या भेटीत एकदा दोन्ही हातांना रक्तदाबाचा पट्टा (कफ) बांधण्याचे दोन मिनिटांचे काम कोणी केले नव्हते, आणि त्या सुबक आकड्यांच्या आड खरा रक्तदाब मूत्रपिंडे पोखरत राहिला होता.

मी सर्जनला फोन केला. डाव्या हातावर फिस्टुला केला असता तर आधीच अपुरे असलेले रक्त शिरेकडे वळून बोटे गार पडली असती आणि फिस्टुलाही बहुधा धरला नसता. आधी अँजिओग्राफी आणि सूज उतरवण्याचे उपचार, मग उजव्या कोपराशी फिस्टुला, असे ठरले. पण त्यातून एक पेच उभा राहिला: फिस्टुलाच्या हाताला कफ बांधायचा नसतो आणि डावा हात तर खोटेच बोलणार. म्हणून मी जांघेतल्या धमन्या तपासल्या. दोन्हीकडे लाट स्वच्छ होती.

डायरीच्या मुखपृष्ठावर मी लाल शाईने लिहिले: शस्त्रक्रियेपर्यंत उजवा हात, त्यानंतर पाय, डावा हात कधीही नाही. आईने ते दोनदा वाचले आणि मुलीचा पाय कुठे धरायचा ते विचारले.