आमची वाटचाल : "झालंच की" ते ०.९१

२००९ला बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या शेडमध्ये एक सेकंडहँड लेथ, एक रेडियल ड्रिल आणि तिघं माणसं घेऊन सुरू केलं. आधी इथल्या फाउंड्रीवाल्यांच्या कास्टिंगचं मशीनिंग, मग फिक्श्चर, म्हणजे मशीनवर जॉब पकडून ठेवायचा साचा, मग एसपीएम, म्हणजे गिऱ्हाइकाच्या एकाच कामासाठी बनवलेलं खास मशीन. आज चौदा जण आहोत. मधली वर्षं हप्ते आणि पावसात गळणारा पत्रा, सगळ्यांचं तसंच असतंय.

सांगायचंय ते एका ऑर्डरचं. बुश, म्हणजे भोकात बसणारी धातूची नळी, दाबून बसवायचं हायड्रॉलिक मशीन, कोटेशन ९ लाख ६० हजार, आमचा खर्च ८ लाख धरलेला, १० आठवड्यांत द्यायचं. मी रोज संध्याकाळी शेडमध्ये फिरून विचारायचो, किती झालं? मिस्त्री म्हणायचे "झालंच की ओ मालक, नव्वद टक्के", कन्नड बोलणारी पोरं म्हणायची "आगेत्री", म्हणजे झालंय जी, आणि मी दोन्ही भाषांत खूश होऊन घरी जायचो. पाचव्या आठवड्यात नव्वद टक्के, नवव्यातही नव्वदच! मशीन गेलं सतराव्या आठवड्यात आणि खर्च झाला पावणेबारा लाख.

दिवाळीत भाचा आलेला, इंजिनिअरिंगचा, त्यानं ती फाइल काढून सहावा आठवडा मांडला. तोवर ४ लाख ८० हजाराचं काम व्हायचं ठरलेलं, खर्च झालेला ५ लाख. हे मला तेव्हाही माहीत होतं, वीस हजार इकडंतिकडं चालतंय म्हणून सोडून दिलेलं. तो म्हणाला मामा, तिसरा आकडा कुठाय? खरंच पूर्ण झालेल्या कामाची तुमच्याच एस्टिमेटमधली किंमत किती? चलनं, जॉबकार्ड काढून बघितलं तर ३ लाख २० हजार. ३.२० भागिले ५, म्हणजे ०.६४. रुपया घातला की चौसष्ट पैशाचं काम. त्याच चालीनं ८ लाखाचं मशीन साडेबारा लाखाला पडणार, हे सहाव्या आठवड्यातच कागदावर होतं, फक्त कुणी भागाकार केला नव्हता. याला अर्न्ड व्हॅल्यू म्हणतात, अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं १९६७ला ठेकेदारांसाठी याचे ३५ निकष काढलेले. आम्हाला पस्तीस कुठले झेपतात, आम्ही तीन आकडे घेतले.

खरी भांडणं झाली ती "झालं" कशाला म्हणायचं यावर. आता नियम असा की काम आठवड्यापेक्षा मोठं ठेवायचं नाही, त्याचे तुकडे करायचे, आणि तुकडा पूर्ण तर पूर्ण मार्क, नाहीतर शून्य, अर्धं-पाऊण काही नाही. पॉवर पॅक (तेलाला दाब देणारा पंप-टाकीचा संच) आणि सिलिंडर आले म्हणून काम झालं असं नाही, ते मशीनवर बसून प्रेशर धरलं की मगच त्यांची किंमत मोजायची. नाहीतर नुसती खरेदी केली तरी अर्धं मशीन झाल्यासारखं दिसतंय. असेंब्लीला मार्क ट्रायलचे पीस गेजमध्ये पास झाल्यावर.

एक चूक माझीच. झालेल्या कामाला खर्चानं भागून येणाऱ्या या आकड्यावर बोनस लावला. दोन महिन्यांत पोरांनी सोपे तुकडे आधी उरकायला सुरुवात केली, कव्हर, ब्रॅकेट सगळं तयार, आणि ज्याच्यावर बाकी सगळं बसणार ती बेस प्लेट कोपऱ्यात तशीच. आकडा झकास, मशीन शून्य. बोनस काढून टाकला, थोडी कुरकुर झाली, होऊदे.

आणखी एक कळलं. जुलैत आकडा दरवर्षी पडायचा, मी पोरांवर चिडायचो. तीन वर्षांच्या शीट शेजारी ठेवल्या तेव्हा उजेड पडला, अर्धी माणसं खानापूर तालुक्यातली, रोपलावणीला घरी जाणारच, आपल्याच ताटातला भात आहे तो. आता जुलैतलं काम कोटेशनमध्येच कमी धरतो.

सध्या एक इंडेक्सिंग फिक्श्चर चालू आहे, आजचा आकडा ०.९१. हार्डनिंगला, म्हणजे तापवून कडक करायला, बाहेर दिलेल्या पिना वाकून आल्या, त्या परत करायला लागणार, चार दिवस तरी जातील. गिऱ्हाइकाला उद्या सकाळीच फोन करून सांगणार आहे, डिलिव्हरीला अजून तीन आठवडे आहेत.