फादर होणाऱ्या मुलांनाच का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पेन्शनमधला ठरावीक पैसा दर महिन्याला सेमिनरीत, म्हणजे फादर होण्यासाठी शिकणाऱ्या मुलांना का देता, गावात गरीब पोरं कमी आहेत का? भाऊ विचारतो, जुन्या सहशिक्षिका विचारतात, आता सूनही विचारते.

गावातली पोरंही माझीच. वैजापूर तालुक्यात तीस वर्षं त्यांनाच शिकवलं. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना आमची ख्रिस्ती पोरं तेवढी बाजूला ठेवावी लागत. १९५० च्या आदेशात ती सवलत हिंदूंपुरती होती, १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना मिळाली. आम्हाला नाही. गल्ली तीच, मजुरी तीच. सेमिनरीतला मुलगा याच घरांतून जातो. निदान दोन वर्षं तत्त्वज्ञान आणि चार वर्षं ईशज्ञान शिकावं लागतं, शिवाय आधीची तयारी. तेवढी वर्षं घरातला कमावता हात जातो.

आणि भाषेचंही आहे. घोगरगावचं मिशन उभं केलं ते परदेशी फादरांनी, त्यांचे उपकार आहेतच. पण माझी आई गेली तेव्हा उशाशी बसलेले फादर तिच्याच बोलीत बोलले. तिने डोळे उघडून त्यांना ‘लेकरा’ म्हटलं. ते लेकरू कुणीतरी शिकवलं होतं.

पण तुम्हाला विचारायचं असतं वेगळंच. ‘तुमचा तो मुलगा परत आला ना?’

ज्याच्या सेमिनरीच्या शिक्षणाला मी पैसे देत होते, तो. आला. सातव्या वर्षी, मे महिन्यात, भर दुपारी. ओसरीच्या पायरीशी चपला काढून उभा राहिला.

“बाई, मी सोडून आलो.”

“कुणी काढलं?”

“कुणी नाही. मीच. ते काम माझं नाही, हे तिथंच कळलं.”

“कळायला सात वर्षं लागली?”

हे मी बोलले. त्याने खिशातून पाकीट काढलं. गवंड्याच्या हाताखाली दोन महिने राबून जमवलेले पैसे. म्हणजे दोन महिने तो गावातच होता आणि माझ्या दारात यायचं त्याला धाडस झालं नव्हतं. “थोडे थोडे फेडीन,” म्हणाला. मी पाकीट घेतलं. मोजलं नाही, पण घेतलं. पाणीही न पिता तो गेला.

रविवारी मिस्सा झाल्यावर फादरांना सांगितलं. ते म्हणाले, “बाई, तो तिथे पारखायलाच गेला होता. त्याने पारखलं. देणं कसलं?” त्याच संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. तो वाळूजला कामाला निघून गेला होता. त्याच्या आईने पाकिटाला हात लावला नाही.

१८८९ मध्ये फ्रान्सच्या कां शहरात झान बिगार आणि तिच्या आईने अशा मुलांसाठी मदत गोळा करायला सुरुवात केली. नागासाकीच्या बिशपांकडे मुलं होती, त्यांना शिकवायला पैसे नव्हते. आपण ज्यांना पोसतो त्यांची तोंडंही त्या मायलेकींनी पाहिली नव्हती. मी शिकवलेला हा मुलगा दर सुट्टीत माझ्या ओसरीवर जेवायचा. म्हणूनच मी हिशेब मांडला का? तेव्हा वाटायचं, तोंडओळख असली की माया वाढते.

भाऊ म्हणतो, तेवढ्यात त्याचं आयटीआय झालं असतं. झालं असतं, हे खरं आहे. तरी यंदा उत्तम मेंढपाळाच्या रविवारी, म्हणजे नवे फादर मिळावेत म्हणून चर्चमध्ये प्रार्थना होते त्या दिवशी, मी पुन्हा पैसे दिले. या वेळी मुलाचं नाव विचारलं नाही.

त्याचं पाकीट कपाटात आहे. दिवाळीत तो आईकडे येतो म्हणतात.