हात चांगला आहे, आर्टला घालू का?

दहावीचा निकाल लागला की लिफ्टमध्ये, नाहीतर गावदेवी मार्केटात भाजी घेताना, ठरलेला प्रश्न येतो : "आमच्याचा हात चांगला आहे. चित्रकलेच्या इंटरमिजिएटला ए ग्रेड आहे. आर्टला घालू का? पोट भरतं ना त्यात?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बारावी, सीईटी, चार वर्षांचं बीएफए, म्हणजे कलेची पदवी, हे तुम्हाला पाठच आहे. पूर्वी मी बेधडक "घाला" म्हणायचे. हात असला की बाकीचं आपोआप येतं, असं वाटायचं. हातावर सीईटी निघते : समोर मांडलेला तांब्या, घडी पडलेलं कापड, आठवणीतला बसस्टॉप. पगार मिळतो तो वेगळ्याच गोष्टीचा.

नौपाड्यातल्या एका मिठाईवाल्याचं दिवाळीचं दरपत्रक घ्या. ए-फाइव्ह, 130 जीएसएमचा आर्ट पेपर, पाठपोट, 2,000 प्रती. चित्र देखणं. भाव 7 पॉइंटात, म्हणजे अगदी बारीक अक्षरांत, काळे. पण फाइल आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्यात केलेली आणि शेवटच्या क्षणी सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या अशा चार शायांत बदललेली. अशा बदलात फोटोशॉप नेहमीच्या सेटिंगवर काळ्याचे सी 75, एम 68, वाय 67, के 90 करतं. म्हणजे केसाएवढी वेलांटी चार प्लेटांनी एकावर एक छापायची. कागद मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका सरकला आणि अक्षरांना गुलाबी-निळ्या कडा आल्या. "बर्फी"चा रफार फिसकटून "बफी" झाली. वरची जाड पट्टीही त्याच काळ्यात, चारही मिळून 300 टक्के शाई. ती वाळायच्या आत गठ्ठा लागला आणि पट्टी वरच्या कागदाच्या पाठीवर उमटली.

स्क्रीनवर यातलं काही दिसत नाही. अ‍ॅक्रोबॅट या पीडीएफच्या प्रोग्रॅममध्ये चारही शाया वेगवेगळ्या दाखवणारं आउटपुट प्रिव्ह्यू उघडून फक्त ब्लॅकची खूण काढायची. अक्षरं गायब झाली तर ठीक. मळकट तपकिरी होऊन तिथेच राहिली तर फाइल परत घ्यायची आणि मजकूर निव्वळ के 100, म्हणजे फक्त काळ्या शाईचा करायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. ते राहिलं म्हणून अख्खा गठ्ठा रद्दीत, धनत्रयोदशी दोन दिवसांवर. प्रेसवाले म्हणाले, फाइल तुमची, पैसे तुमचे. बरोबरच म्हणाले. फाइल कुणाची होती, ते विचारू नका.

मग हात नकोच का? इथे माझंच मला पटत नाही. तिरक्या टोकाच्या कट निबने महिनोन् महिने देवनागरी गिरवलेल्या माणसाला तो मोडका रफार लांबून टोचतो. बाकीचे "छान आलंय" म्हणून पुढे जातात. म्हणजे हात लागतोच, फक्त तुम्ही म्हणता त्या कामाला नाही.

आणि पोट? भरतं. कधी दिवाळीआधी, कधी दिवाळीनंतर तीनदा फोन केल्यावर.

हल्ली मी "घाला"ही म्हणत नाही आणि "नको"ही. विचारते, "लग्नपत्रिका हातात आली की तो त्यातल्या चुका काढतो का?"

"चित्रं फार सुंदर काढतो हो," ते म्हणतात. तोवर त्यांचा मजला येतो.