महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी

13 सप्टेंबर 2021, सोमवार. घरी महालक्ष्म्यांचं जेवण होतं आणि मला दिवसपाळी होती. सुट्टी मी मागितलीच नाही. वर्षभरात इतकी माणसं सोडून गेली होती की अणुवीज केंद्रातल्या आमच्या केमिस्ट्री विभागात पाळ्या लावताना सुपरवायझरची दमछाक होत होती. शिवाय त्या दिवशी मला तिथेच असायचं होतं.

पहाटे उठून पुरण वाटलं, सोळा भाज्या चिरून ठेवल्या, आंबिलीचं सासूबाईंवर सोपवलं आणि अमेरिकेतल्या रॉकफर्डहून निघाले. बायरनच्या आमच्या केंद्राचे दोन कूलिंग टॉवर, म्हणजे पाणी गार करणारे मनोरे, मक्याच्या शेतांवरून फार लांबून दिसतात. जवळजवळ दीडशे मीटर उंच आहेत ते. वाफ वर जात असली की केंद्र चालू आहे, हे इथल्या शाळेतल्या पोरांनाही कळतं. त्या दिवशी गाडी चालवताना मी सारखी वाफेकडेच बघत होते.

इलिनॉय राज्यातल्या या अणुवीज केंद्रात दोन भट्ट्या आहेत, 1985 आणि 1987 पासून चालणाऱ्या. दोन्ही मिळून 2,300 मेगावॉटच्या वर वीज. ऑगस्ट 2020 मध्ये कंपनीने जाहीर केलं की वर्षभरात हे केंद्र बंद करणार. वीजबाजारात नैसर्गिक वायूच्या स्वस्त विजेपुढे टिकाव लागत नाही, असं कारण दिलं. राज्याने कार्बन न सोडणाऱ्या विजेला काही मोल दिलं तरच इंधन भरू, नाहीतर 13 सप्टेंबरला थांबू. आणि हे थांबणं साधं नव्हतं. भट्टी कायमची बंद केल्याचं आणि तिच्यातलं इंधन काढल्याचं पत्र एकदा नियामक आयोगाकडे गेलं की त्या परवान्यावर ती चालवायची मुभा संपते.

माझं काम भट्टीतल्या पाण्याच्या तपासणीचं. आमच्या अणुभट्टीच्या पाण्यात बोरिक ॲसिड घातलेलं असतं. त्यातला बोरॉन अणू फोडणारे न्यूट्रॉन गिळतो आणि ताज्या इंधनाचा जोर आवरून धरतो. इंधन जसजसं सरत जातं तसतसा बोरॉन कमी करत न्यायचा. एकदा इंधन भरल्यापासून पुन्हा भरेपर्यंत एक चक्र. चक्राच्या सुरुवातीला बोरॉनचा आकडा, म्हणजे दहा लाख भागांतले भाग, हजाराच्या वर असतो, शेवटी जवळपास काहीच उरत नाही. म्हणजे भट्टीतल्या इंधनाचं किती आयुष्य बाकी आहे ते आम्हाला त्या एका आकड्यातच दिसतं.

त्या सकाळी दुहेरी हातमोजे घालून नमुना काढला. पाणी अगदी नितळ, पिण्याच्या पाण्यासारखं. त्यात मॅनिटॉल घातलं. बोरिक ॲसिड इतकं दुबळं की एकटं नीट मोजता येत नाही, मॅनिटॉलच्या सोबतीने ते अंगात बळ धरतं. मग ॲसिड शमेपर्यंत थेंब मोजून सोडणाऱ्या टायट्रेटर यंत्राने सोडियम हायड्रॉक्साइड सोडायला सुरुवात केली आणि थांबलासुद्धा. एक अंकी आकडा. चक्राअखेर असाच आकडा येतो, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. एरवी तो बघून आम्ही इंधन भरण्याच्या तयारीला लागायचो. त्या दिवशी मी तो वहीत लिहिला आणि पेन तसंच धरून काही वेळ बसून राहिले.

तिकडे स्प्रिंगफिल्डला, राज्याच्या विधिमंडळात, आमचा निकाल लागायचा होता. विधेयकाचं नाव ‘क्लायमेट अँड इक्विटेबल जॉब्स ॲक्ट’. नेहमीचं अधिवेशन 31 मे ला संपलं तेव्हाच ते व्हायला हवं होतं. घोडं अडलं कोळशावर. दक्षिण इलिनॉयमध्ये प्रेअरी स्टेट नावाचं मोठं कोळसा केंद्र आहे, 2012 साली सुरू झालेलं. ते कधी बंद करायचं यावर पर्यावरणवाले आणि कामगार संघटना एकमेकांना भिडल्या होत्या. त्यात आदल्याच वर्षी राज्यातल्या वीज कंपनीचं लाचेचं प्रकरण बाहेर आलं होतं. त्यामुळे वीजवाल्यांना पैसे द्या म्हणायला आमदार कचरत होते, आणि तो संशय मला आजही रास्त वाटतो. लोकांच्या बिलातून पैसा घ्यायचा तर हिशेब उघडा हवा.

31 मे नंतर या राज्यात एक अट लागते. कायदा लगेच लागू व्हायला हवा असेल तर साधं बहुमत पुरत नाही, तीन पंचमांश मतं लागतात. 118 जणांच्या खालच्या सभागृहात 71, आणि 59 जणांच्या सिनेटमध्ये 36. खालच्या सभागृहाने गुरुवारी, म्हणजे गणपती बसायच्या आदल्या दिवशी, 83 विरुद्ध 33 मतांनी मंजुरी दिली होती. उरलं होतं सिनेट.

या प्रेअरी स्टेटशी आपल्या मराठी माणसांचाही संबंध आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये आपली कितीतरी कुटुंबं राहतात. त्या गावाला वीज पुरवणाऱ्या संस्थेची या कोळसा केंद्रात भागीदारी आहे. शनिवारी तिथे एका मैत्रिणीकडे आरतीला गेले होते. ती म्हणाली, “अगं, पण तुमचा तो किरणोत्सारी कचरा हजारो वर्षं राहणार, त्याचं काय?” प्रश्न खराच आहे. वापरलेलं इंधन आमच्याच आवारात आहे, आधी पाण्याच्या तलावात, नंतर काँक्रीटच्या पिंपांत. त्याचा कायमचा ठिकाणा देशाने अजून ठरवलेला नाही. मी तिला एवढंच म्हटलं, आमचा कचरा मोजलेला आहे, कुठे आहे ते माहीत आहे. कोळशाचा कचरा श्वासात जातो.

ते मी पुस्तकात वाचून बोलत नव्हते. विदर्भातल्या एका औष्णिक केंद्राच्या वसाहतीत माझं लहानपण गेलं. बाबा तिथे केमिस्ट, बॉयलरचं पाणी तपासायचे. आई दोरीवरचे कपडे काढण्याआधी झटकायची, आणि तरी पांढऱ्या शर्टाच्या कॉलरीत राखेची करडी रेघ राहायचीच. लोणच्याच्या कैऱ्या उन्हात ठेवल्या की वर मलमल अंथरायची. संध्याकाळी मलमल उचलली की कैऱ्यांच्या फोडींचे आकार तिच्यावर उमटलेले दिसायचे, भोवती राख आणि मध्ये पांढरे डाग. शेजारच्या काकूंना दमा होता. आमच्याकडे कुणी त्याची कोळशाशी सांगड घातली नाही. कोळशावर घर चालत होतं.

जेवणाच्या खोलीतल्या संगणकावर सिनेटचं थेट प्रक्षेपण लावलं होतं. आमच्यातला एक ऑपरेटर बायरनमध्येच वाढलेला. इथली शाळा मोठ्या प्रमाणात केंद्राच्या करावर चालते, आणि त्याच्या दोन मुली त्याच शाळेत. त्याने घर विकायला काढलं होतं. तो खुर्चीवर बसेना, दाराशी उभा राहिला. पाळीत जागा सोडता येत नाही, म्हणून आम्ही आळीपाळीने येऊन बघत होतो. भाषणं लांबली. कोळशाच्या पट्ट्यातले सदस्य विरोधात बोलले, आणि त्यांची माणसंही आमच्यासारखीच पाळीवर असणार, हे माझ्या मनातून जाईना.

मग मतदान. ज्यांना मत द्यायचं त्या सर्वांनी दिलं का, असं अध्यक्षस्थानावरून विचारलं गेलं. फलकावर हिरवे, लाल दिवे. 37 विरुद्ध 17.

हवी होती 36.

कुणी ओरडलं नाही. दाराशी उभा असलेला तो भिंतीला टेकला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कंपनीचा निरोप त्याच दिवशी आला: इंधन भरायची तयारी करा, रिकाम्या जागा भरा. दोन दिवसांनी, 15 सप्टेंबरला, राज्यपाल जे. बी. प्रिट्झकर यांची सही झाली.

कायद्यात पुष्कळ काही आहे. 2040 पर्यंत निम्मी वीज नूतनक्षम, 2045 पर्यंत पूर्ण कार्बनमुक्त. खासगी कोळसा केंद्रं 2030 पर्यंत बंद. काम जाणाऱ्या कामगारांना शिक्षणाची, प्रशिक्षणाची मदत. आमच्यासह तीन अणुकेंद्रांना पाच वर्षांत मिळून सुमारे 69 कोटी 40 लाख डॉलर. पण त्यात अशी तरतूद की बाजारात विजेचा भाव चढला तर पैसा ग्राहकांकडे परत जावा. 2022 मध्ये भाव चढले आणि तो खरोखर परत गेला. मला मात्र प्रेअरी स्टेटला 2045 पर्यंत दिलेली मुदत खुपते. त्या केंद्राच्या आसपासही कुणीतरी कपडे वाळत घालतंच ना.

घरी पोचले तेव्हा रात्र झाली होती. नैवेद्य, पुरणाच्या दिव्यांची आरती, सवाष्णींची जेवणं, सगळं उरकलं होतं. ज्येष्ठा-कनिष्ठा मात्र भरल्या साड्यांत उभ्या होत्या. हातपाय धुऊन नमस्कार केला. सासूबाईंनी माझं ताट झाकून ठेवलं होतं. आंबील गार झाली होती, तशीच प्यायले.

नागपूरला तेव्हा सकाळ. बाबांना फोन लावला.

“झालं का गं?” त्यांनी बाकी काही विचारलं नाही.

“झालं बाबा. एका मताने निभावलं.”

“मग आता भरतील इंधन. पाण्यात बोरॉन किती घालावा लागतो नव्या इंधनाला?”

“आकडे सांगायचे नसतात, बाबा.”

“बरं. आकडा किती अंकी तेवढं सांग.”

इंधन भरताना भट्टीतल्या पाण्याचा नमुना माझ्याच पाळीत आला. मॅनिटॉल घातलं, टायट्रेटर सुरू केला, आणि तो कितीतरी वेळ थेंब सोडत राहिला. त्या रात्री बाबांना एवढंच लिहिलं: चार.