संजीवनीची जुडी

मागच्या आठवड्यात पुतणी मैत्रिणींबरोबर पचमढीला जाऊन आली आणि सुतळीनं बांधलेली एक जुडी माझ्या हातात ठेवली. "काकू, संजीवनी! दुकानदार म्हणाला, पाण्यात टाकली की जिवंत होते." आत मुठीएवढे, वाळून तपकिरी झालेले पाच गोळे. रात्री त्यातला एक काचेच्या वाडग्यात पाण्यात ठेवला. सकाळी चहा टाकायला उठले तर फांदी न् फांदी उलगडून बशीसारखी पसरलेली, वरची बाजू हिरवी. पुतणी हरखली. मला मात्र खालची तुटकी मुळं पाहून गलबललं. तिला रागावणार तरी कशी? ही झाडं उपटून आणलेली असतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

हिचं शास्त्रीय नाव सेलाजिनेला ब्रायोप्टेरिस. तिचं घराणं नेचे, देवदार, आंबा, गहू या सगळ्यांच्या घराण्यापासून सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वी वेगळं झालं. तेव्हा फूल नावाची गोष्टच पृथ्वीवर नव्हती.

पुतणीला समजावायला मी आमचा कुलवृत्तांत काढला. एका पानावर तीस-चाळीस चुलतभावंडं. त्यांतलं एखादं नाव पुसलं गेलं तरी शाखा चालू राहते. दुसऱ्या पानावर वरपासून खालपर्यंत एकच रेघ, टोकाला एकच नाव. ते गेलं की पानच मिटलं. वनस्पतींचंही तसंच. 1992 साली ऑस्ट्रेलियाच्या डॅनियल फेथ यांनी हाच हिशेब मांडला: जंगलात किती जाती आहेत एवढंच मोजू नका, वंशवृक्षाच्या किती लांबीच्या फांद्या तिथं जिवंत आहेत तेही मोजा. गवताच्या दहा जाती आणि दहा वेगवेगळ्या प्राचीन घराण्यांतली दहा झाडं, दोन्हींची संख्या दहाच. पण राखलेला इतिहास सारखा नाही.

मी इंदूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. दरवर्षी मुलांना घेऊन रात्रीच्या गाडीनं पिपरिया, तिथून जीपनं पचमढी. वालुकाश्माच्या कपारीत सायलोटम नावाचं बिनफुलाचं झाड पहिल्यांदा दाखवलं की मुलं गप्प व्हायची. मूळ नाही, खरं पान नाही. नुसत्या हिरव्या काड्या, प्रत्येक काडी दोन भागांत फुटणारी, आणि त्यावर मोहरीएवढे पिवळे, तीन कप्प्यांचे गोळे. (जागा मुद्दामच लिहीत नाही.)

या मंडळींचा जीव ओलाव्यात अडकलेला आहे. बियांऐवजी यांचे धुळीसारखे बारीक बीजाणू असतात; ते वाऱ्यावर कुठंही जातात, पण रुजल्यावर नर पेशीला मादी पेशीपर्यंत पोहून जावं लागतं. पाण्याचा पातळ थर नसेल तर पुढची पिढीच नाही. म्हणून मोठं झाड वाळलेलं दिसण्याच्या कितीतरी आधी दरीतला वंश थांबलेला असू शकतो. ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता तापमान चढतंय. वर सरकावं म्हटलं तर किती? पचमढीचं पठार साधारण 1,050 मीटरवर, आणि सातपुड्याचं सर्वांत उंच टोक धूपगढ 1,350 च्या आसपास. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं असं धरलं तर तीनशे मीटरमध्ये जेमतेम दोन अंशांचा गारवा मिळतो. पुढं आभाळ.

इथलंच बोरीचं जंगल 1865 मध्ये राखीव झालं, सातपुडा राष्ट्रीय उद्यान 1981 चं, पचमढी जीवावरण क्षेत्र 1999 चं. या सीमा आखल्या म्हणूनच हे सगळं आज शिल्लक आहे, याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. पण नकाशावरची रेघ जागची हलत नाही, ओलावा हलतो. ऊन न लागणाऱ्या, बारमाही झिरप असलेल्या अरुंद दऱ्या वेगळ्या नोंदवायला हव्यात, तिथलं पाणी आणि वरची सावली दोन्ही राखायला हवीत. मेळघाटाकडं जाणारा जंगलपट्टा वाघांसाठी जपतात, तोच या झाडांचाही रस्ता आहे. त्यांना तो ओलांडायला कितीतरी वर्षं लागू शकतात, म्हणून तर तो तुटता कामा नये. आणि जुड्यांची विक्री थांबायलाच हवी.

उरलेले चार गोळे कुंडीत दगडाच्या खपल्यांमध्ये बसवलेत. ती जगतील असं वाटत नाही. उलगडणं म्हणजे रुजणं नव्हे. पुतणी रोज पाणी शिंपडते. काल म्हणाली, "काकू, ते काड्यांचं झाड मला दाखवशील?" पाऊस ओसरला की जाऊ म्हटलंय.